चाळिशीचा चष्मा आणि वेल्डिंगची काळी काच

मरोळ नाक्यावरून एमआयडीसीच्या किंवा साकीनाक्याच्या दिशेने चालत निघाले, की कुठल्या तरी गाळ्यातून निळा-पांढरा लखलखाट रस्त्यावर पडलेला दिसतोच. ग्रील, जिन्याचे कठडे, रोलिंग शटर, पत्र्याच्या शेडचे सांगाडे, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड. या शहरातल्या घराघरांत जे लोखंड बसते, त्यातले पुष्कळसे अशाच अडचणीच्या जागेत जोडले जाते. डोक्यावरून २०१४ पासून मेट्रो धावते आणि २०२४ मध्ये ती जमिनीखालूनही धावू लागली. गाळ्यात मात्र माणूस, रॉड, होल्डर आणि काळी काच हे गणित तसेच राहिले आहे. आपल्या वस्त्यांतली किती तरी मुले या धंद्यात आहेत. कुणी आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड करून आलेला, कुणी हेल्पर म्हणून लागून बघत-बघत शिकलेला.

या माणसांच्या डोळ्यांविषयी आज लिहायचे आहे, आणि विशेष करून दोन काचांच्या गल्लतीविषयी. आपल्याकडे 'नंबर' हा शब्द दोन्ही काचांना आहे. चष्म्याचा नंबर असतो आणि वेल्डिंगच्या काळ्या काचेलाही नंबर असतो. पहिला नंबर डोळ्याच्या दृष्टीचा, तर दुसरा काचेच्या काळेपणाचा. त्यामुळे एखादा म्हणतो, "मला चष्मा आहे, मला वेगळी काच कशाला?" दुसरा म्हणतो, "अकरा नंबरची काच लावून डोळ्याचा नंबर वाढेल." हे दोघेही चुकतात. नंबरचा चष्मा दिसण्यासाठी असतो आणि काळी काच डोळा वाचण्यासाठी. एकीचे काम दुसरी करू शकत नाही, आणि ज्याला नंबर आहे त्याला दोन्ही एकाच वेळी लागतात.

रात्री एक वाजताचे दुखणे

भगिनींनो, वेल्डिंग लागणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. दिवसभर माणूस ठीक असतो. जेवतो, टीव्ही बघतो, झोपतो. मध्यरात्री उठून बसतो तो डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखा. पाणी थांबत नाही, दिवा लावला तर ओरडतो. मग घरात धावपळ सुरू होते. बटाट्याच्या चकत्या, कच्चे दूध, गुलाबपाणी. एखादी म्हातारी बाळंतिणीचे दूध घालायला सांगते.

हे दुखणे उशिरा का सुरू होते? वेल्डिंगच्या ठिणगीत, म्हणजे आर्कमध्ये, उष्णता पाच हजार अंशांहून जास्त असते. तिथून डोळ्यांना दिसणारा प्रकाश निघतो, तसेच न दिसणारे अतिनील किरणही निघतात. सूर्यातूनही असे किरण येतात, पण त्यांतले सर्वांत घातक वातावरणातच अडतात, जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. आर्क मात्र ते हातभर अंतरावर तयार करतो. डोळ्याच्या पुढे काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याची वरची साल या किरणांनी भाजते. उन्हाने भाजलेली कातडी जशी त्याच वेळी न दुखता नंतर चुरचुरते, तसेच इथे होते. सहा ते बारा तासांनी ती साल सुटू लागते, खालच्या नसा उघड्या पडतात आणि दुखणे सुरू होते. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत नवी साल येते आणि माणूस बरा होतो.

बरा होतो म्हणून बटाट्याला श्रेय मिळते. बंद पापणीवर थंड चकती ठेवली तर गार वाटते, त्यात वावगे काही नाही. पण स्वच्छ ओल्या फडक्यानेही तेवढेच होते. डोळ्याच्या आत मात्र दूध, मध, बटाट्याचा रस काहीही घालू नये. साल निघालेल्या जागी जंतू गेले तर दोन दिवसांचे दुखणे फुलापर्यंत जाते, आणि बुबुळावर पडलेले फूल पुसता येत नाही. खोलीत अंधार करावा, डोळे चोळू देऊ नयेत, दुखणे कमी करणारी गोळी डॉक्टरला विचारून द्यावी.

औषधाच्या दुकानातून थेंब आणण्याची घाई तर याहून वाईट. डोळा बधिर करणारे थेंब टाकले, की मिनिटभरात बरे वाटते, म्हणून माणूस ती बाटली खिशात ठेवतो आणि दर वेळी टाकत राहतो. त्या थेंबांनी नवी साल धरतच नाही. लाली घालवणारे स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरच्या देखरेखीशिवाय वापरले, तर आत बुरशी वाढू शकते, डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन्ही डोळे सारखेच दुखत असतील तर ते बहुधा आर्कचे. एकाच डोळ्यात खुपत असेल तर आत लोखंडाचा कण असण्याची शक्यता धरावी आणि सकाळीच कूपरच्या नेत्रविभागात किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. दोन दिवसांत दुखणे गेले नाही किंवा धूसर दिसू लागले, तरीही तसेच करावे. गाळ्यात एखादा 'कचरा काढणारा' असतो. तो रुमालाचे टोक, काडी, कधी ब्लेडसुद्धा वापरतो. त्याचा हात कितीही हलका असला, तरी त्याच्यापुढे डोळा उघडू नये.

नंबरचा चष्मा किती वाचवतो?

थोडे वाचवतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. साधी काच किंवा प्लास्टिकची लेन्स समोरून येणारे बरेचसे अतिनील किरण अडवते. म्हणूनच चष्मेवाल्याला कधी कधी कमी लागते, आणि तेवढ्यावरून त्याचा विश्वास वाढतो. पण किरण काही समोरूनच येत नाहीत. चुना मारलेल्या भिंतीवरून, पांढऱ्या पत्र्यावरून, शेजारच्या वेल्डरच्या आर्कवरून ते बाजूने आणि मागून येतात, चष्म्याच्या मागच्या बाजूवर आपटून परत डोळ्यात शिरतात. शिवाय पारदर्शक लेन्स डोळ्यांना दिसणारा लख्ख प्रकाश अडवतच नाही. तो प्रकाश थेट मागच्या दृष्टिपटलावर जातो. तिथे झालेली इजा सालीसारखी दोन दिवसांत भरून येत नाही. नजरेच्या मधोमध डाग राहू शकतो.

रस्त्यावर मिळणारा काळा गॉगल तर निव्वळ फसवणूक आहे. गोल काचांचा, रबरी पट्टीचा जो गॉगल गॅस कटिंगवाले लावतात, तोही आर्कसाठी नाही. गॅस कटिंगला साधारण ३ ते ६ नंबरची काच चालते. रॉडच्या वेल्डिंगला ६० ते १६० अँपिअरपर्यंत १० नंबर सुचवतात आणि ८ च्या खाली कधीच जायचे नसते. १६० च्या वर २५० पर्यंत १२ सुचवतात, १० च्या खाली नाही. आपल्या ग्रीलच्या कामात बारा गेज आणि दहा गेजचा रॉड चालतो, त्याला दहा-अकरा नंबर पुरतो. आधी जास्त काळी काच लावून बघावी, जोड दिसत नसेल तर एकेक नंबर खाली यावे.

काळ्या काचेची कथा मोठी आहे. इंग्लंडमध्ये काचभट्टीवर काम करणाऱ्यांना ऐन वयात मोतीबिंदू होई. भट्टीतून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांपासून त्यांचे डोळे वाचावेत म्हणून विल्यम क्रूक्स या शास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास वेगवेगळे धातू मिसळून काच तयार केली. आपल्याकडच्या जुन्या चष्मेवाल्यांकडे 'क्रूक्सची काच' मागणारे गिऱ्हाईक पुढे अनेक वर्षे येत. कामगारासाठी निघालेली काच बाबू लोकांच्या फॅशनची झाली आणि कामगार उघड्या डोळ्यांनी राहिला, असेही म्हणता येईल.

चाळिशी लपवणारे कारागीर

आता मुख्य अडचणीकडे येऊ. चाळिशीच्या आसपास प्रत्येकाच्या डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे धूसर दिसते. हा आजार नाही, केस पिकतात तसेच हे. पुस्तकवाला पुस्तक लांब धरतो. वेल्डर काय करणार? हात लांब केला तर रॉडवरचा ताबा जातो. मग तो तीन गोष्टी करतो, आणि तिन्ही घातक आहेत. जॉबच्या आणखी जवळ वाकतो, म्हणजे धूर नाकात आणि ठिणग्या गळ्यापाशी येतात. कमी काळी काच लावतो, कारण त्याला वाटते उजेड कमी पडतोय. आणि टॅक मारताना काच बाजूला ठेवतो, डोळे मिटून अंदाजाने रॉड टेकवतो. डोळे मिटायला क्षणभर उशीर होतोच, आणि दिवसाला शंभर टॅक असतील तर शंभर क्षण होतात. बहुतेकांना वेल्डिंग लागते ती लांब जोड मारताना नव्हे, या टॅकपायी.

काळ्या काचेतून नीट न दिसण्याचे कारण पुष्कळदा काचेत नसते, डोळ्यात असते. चष्मा लावला की तीच अकरा नंबरची काच पुरेशी वाटू लागते. मग चष्मा लावत का नाहीत? कारण भीती वाटते. कामाचा ठेकेदार चष्मेवाला कारागीर बघून नाक मुरडतो, "नजर गेली याची" असा शेरा मारतो. पोरे 'ढापण्या' म्हणतात. रोजंदारीवरच्या माणसाला हा शेरा परवडत नाही, म्हणून तो चष्मा घरी उशाशी ठेवतो आणि कामावर चाचपडतो. त्याची वेल्ड वाकडी पडते, ग्राइंडिंग जास्त लागते, आणि जो शेरा टाळायचा तोच पदरी येतो. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तीत त्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे. ज्या चष्म्याला आपण रोज सकाळी हात जोडतो, तो कामावर लावायला लाज कसली?

लाज गेली, तरी कसा चष्मा घ्यायचा हा प्रश्न उरतो. चष्मेवाला नेहमी वाचनाच्या अंतराचा नंबर काढतो, म्हणजे साधारण फूटभर ते सव्वा फूट. वेल्डरचे काम दीड फुटाच्या आसपास असते. वाचनाचा नंबर लावून तो गाळ्यात गेला की पुन्हा जॉबवर वाकावे लागते. यावर उपाय सोपा आहे. काम करताना जसे बसता तसे बसावे, सुतळीचे एक टोक नाकाच्या मुळाशी धरावे, दुसरे रॉडच्या टोकाशी, आणि तिथे गाठ मारावी. ती सुतळी तपासणाऱ्याला द्यावी आणि सांगावे, मला या अंतरावर स्पष्ट दिसले पाहिजे. एवढे केले तर चांगला तपासणारा त्याप्रमाणे नंबर काढून देतो.

दोन नंबरांचा चष्मा, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा, वेल्डिंगला अडचणीचा ठरतो. जवळचा भाग खाली असल्याने मान मागे टाकावी लागते, आणि डोक्यावरची जोड मारायची असेल तर तो भाग उपयोगाचाच राहत नाही. कामासाठी एकाच नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घ्यावा. खर्च दोनदा होतो हे खरे, पण फ्रेम साधी घेतली तर तो आवाक्यात राहतो. फ्रेम प्लास्टिकची असावी. धातूची तापते आणि विजेच्या कामात अंगाला धातू नसलेलाच बरा. लेन्स काचेची नको. ठिणगीने काचेवर खड्डे पडतात आणि ग्राइंडरचा तुकडा बसला तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. पॉलिकार्बोनेटची लेन्स मार सोसते आणि अतिनील किरणही अडवते, मात्र तिला ओरखडे लवकर पडतात. तिच्यावर बसलेली लोखंडाची भुकटी शर्टाच्या टोकाने पुसू नये. आधी पाणी सोडावे, मग मऊ फडक्याने टिपावे.

चष्म्यावर चेहरा झाकणारे शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेटवाली काच घ्यावी. हातातल्या काचेने एक हात अडकतो आणि टॅकच्या वेळी तीच पहिली बाजूला जाते. हेल्मेट विकत घेताना स्वतःचा चष्मा लावूनच घालून बघावे. आतून काड्यांवर दाब येत असेल तर दुपारपर्यंत कानामागे ठणकते आणि माणूस एक तरी काढून ठेवतो. मुंबईच्या दमटपणात चष्म्यावर वाफ धरते, हे आणखी एक निमित्त. कोरड्या साबणाची वडी लेन्सवर हलकेच फिरवून मऊ फडक्याने पुसून टाकली तर वाफ बऱ्यापैकी कमी धरते. चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधावी, म्हणजे वाकल्यावर तो हेल्मेटमध्ये घसरत नाही. काळ्या काचेपुढची साधी काच ठिणग्यांनी खरबरीत झाली की बदलावी. ती स्वस्त असते, आणि तिच्या खरबरीतपणाला माणूस आपली नजर गेली समजतो. गाळ्यात जॉबवर एक चांगला दिवा सोडला तर अर्धी तक्रार तिथेच मिटते.

आपोआप काळी होणारी हेल्मेट आता बाजारात सर्रास मिळतात. आर्क पेटताच डोळे मिटायच्या आत त्यांची काच काळी होते, त्यामुळे टॅक मारताना काच बाजूला करण्याचे कारणच उरत नाही. चाळिशीच्या माणसाने पैसे साठवून एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्यावी, असे आमचे मत आहे. काहींच्या आत वाचनाच्या भिंगासारखी छोटी लेन्सही बसवता येते. तरुण मुले-मुली हल्ली कॉन्टॅक्ट लेन्स लावतात. आर्कच्या उष्णतेने ती डोळ्याला चिकटते, ही अफवा १९६७ मध्ये अमेरिकेत उठली आणि आजही फिरते. ती खोटी आहे. पण धूळ-भुकटीच्या जागी चष्माच बरा.

काच खाली घेतली तरी धोका संपत नाही. वेल्ड थंड झाल्यावर हातोडीने वरचा पापुद्रा उडवताना आणि ग्राइंडर चालवताना उडणारा कण डोळ्यात घुसतो. महाकाली लेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोंडिविट्याच्या बौद्ध लेण्या आपल्या शेजारीच आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी चालवणाऱ्यांच्याही डोळ्यांत कपच्या उडाल्याच असतील. त्यांच्यापाशी काच नव्हती, आपल्यापाशी आहे. नंबरच्या चष्म्यावरून घालता येणारा, बाजू बंद असलेला पारदर्शक सुरक्षा चष्मा मिळतो. हेल्मेट वर केले की तो डोळ्यांवर असलाच पाहिजे.

जॉब धरणाऱ्या पोराची आठवण कुणाला राहत नाही. कारागिराच्या हातात काच असते, हेल्पर मान वळवून उभा राहतो. मान वळवल्याने भिंतीवरचा प्रकाश टळत नाही. त्यालाही काच द्यावी. अंतर दुप्पट केले की किरणांचा जोर चौथाईवर येतो, म्हणून ज्याला धरायचे काम नाही त्याने लांब जावे. रस्त्याकडच्या बाजूला जाड ताडपत्री किंवा जुना पत्रा आडवा लावला तर शाळेतून येणारी पोरे टक लावून बघत उभी राहणार नाहीत.

कायद्याच्या तक्त्यात डोळा

१९४८ च्या कारखाने कायद्याचे ३५ वे कलम खास डोळ्यांसाठी होते: कण उडत असतील किंवा फार प्रखर प्रकाश असेल अशा कामात, काम करणाऱ्याला आणि त्याच्या जवळ असणाऱ्यालाही, आडपडदा किंवा योग्य गॉगल देण्याची सक्ती करता येई. 'जवळ असणाऱ्याला' म्हणजे आपला हेल्पर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, आणि तिने विजेवर चालणारा कारखाना म्हणण्यासाठीची कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली. मरोळच्या चार-सहा माणसांच्या गाळ्याला जुना कायदाही क्वचितच लागे. नवा आणखी दूर गेला.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. दुसरा डोळा चांगला असून एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, असे त्यात धरले जाई. डोळाच काढावा लागला तर ४० टक्के. हा कायदाही आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. त्यात एक मेख होती, ती कामगाराने कायम ध्यानात ठेवावी. मालकाने दिलेले सुरक्षेचे साधन कामगाराने जाणूनबुजून वापरले नाही आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालक भरपाई नाकारू शके. म्हणजे चष्म्यावर न बसणारे हेल्मेट कोपऱ्यात टांगून ठेवले, तरी "दिले होते" असे म्हणायला मालक मोकळा. म्हणून साधन बसत नसेल तर तसे तोंडी न सांगता दोन ओळी लिहून द्याव्यात आणि प्रत स्वतःपाशी ठेवावी.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कामगार विमा योजना लागू होते. पगाराची मर्यादा २०१७ मध्ये महिना २१,००० रुपये करण्यात आली. ही योजना ज्या अहवालावर उभी राहिली, तो प्रा. बी. पी. अडारकर यांचा अहवाल १९४४ चा; त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. मरोळचे कामगार विमा रुग्णालय १७ डिसेंबर २०१८ च्या आगीत होरपळले, त्याची सल अजून आहे. पण कार्ड आहे त्याने ते घरात पडू देऊ नये. डोळ्याला कामावर इजा झाली तर त्याच दिवशी अपघाताची नोंद करून घ्यावी. आठवड्याने गेले तर इजा कामावरची की घरची, हा वाद सुरू होतो.

ज्यांचा गाळा या कशातच बसत नाही, त्यांच्यासाठी विहार आहे. १४ एप्रिलला किंवा बुद्ध पौर्णिमेला मंडळे वर्गणी काढतात. तीतला थोडा भाग एका दिवसाच्या डोळे तपासणीला ठेवला, तर वस्तीतल्या सगळ्या वेल्डर, फिटर, ग्राइंडरवाल्यांचे नंबर निघतील. मात्र शिबिराच्या पत्रकात एक ओळ न विसरता छापावी: वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी आपले हेल्मेट किंवा हातातली काच, जुना चष्मा असल्यास तो, आणि गाठ मारलेली सुतळी सोबत आणावी.